स्टिरॉइडचा ड्रॉप मागेल त्याला देऊ नका : मेडिकलवाल्यांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील किरकोळ औषध विक्रेते आणि त्यांच्या जिल्हा व तालुका संघटना
माहितीसाठी : अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांची डॉक्टर आहे. तुमच्यापैकी काहींशी माझं रोज फोनवर बोलणं होतं. 'मॅडम, तुम्ही लिहिलेली कंपनी नाहीये, दुसरी देऊ का?' हा तुमचा प्रश्न आणि 'आधी आतलं औषध वाचून दाखवा' हे माझं उत्तर, दोन्ही आपल्याला पाठ आहेत. त्या ओळखीच्या जोरावर हे पत्र लिहिते आहे. ते कुणा एका दुकानाविरुद्ध नाही.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. डोळ्यात घालायचं स्टिरॉइड, मग ते एकटं असो की अँटिबायोटिकच्या जोडीला, चिठ्ठीशिवाय कुणालाही देऊ नका, आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नका. काचबिंदूचे ड्रॉप्स मात्र पेशंटला कधी कमी पडू देऊ नका आणि परस्पर बदलू नका. कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण बाटलीतला थेंब डोळ्याच्या आत जाऊन नेमकं काय करतो, हे सांगायला दुकानात कुणी येत नाही. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येतो तो स्कीम सांगायला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळ्याच्या पुढच्या भागात, पारदर्शक कॉर्नियाच्या मागे, पाणी असतं. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हे पाणी आतलं. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे, म्हणजे आयरिसच्या मागे, सिलिअरी बॉडी नावाचा भाग लपलेला असतो. तो रक्तातून क्षार आणि पाणी ओढून हे बनवत असतो. किती? मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. दिवसभराचं सगळं गोळा केलं तर अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. रात्री झोपेत हे काम जवळजवळ निम्म्यावर येतं. कॉर्नियाला आणि भिंगाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यांचं खाणंपिणं याच पाण्यावर चालतं. पाणी बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया व आयरिस जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून गाळून बाहेर पडतं. या जाळीला आम्ही ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतो. तिच्या पलीकडे श्लेमची नळी आणि मग शिरा. थोडं पाणी दुसऱ्या वाटेनं, सिलिअरी स्नायूच्या धाग्यांमधून झिरपत मागे जातं. पावणेदोन-दोन तासांत पुढच्या कप्प्यातलं सगळं पाणी नवं झालेलं असतं.

नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबलेली, अशी न्हाणी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. फरक इतकाच की न्हाणीतलं पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं आणि कळतं. डोळा चारी बाजूंनी बंद आहे. पाणी जायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. निरोगी माणसाचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा या दरम्यान असतो. तो वाढला की ताण बसतो मागे, जिथे डोळ्याची नस बाहेर पडते तिथे. त्या नसेत दहा-बारा लाख धागे असतात आणि ते एकेक करून मरतात. हाच काचबिंदू. आधी कडेची नजर जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. म्हणून माणूस वर्तमानपत्र वाचत असतो, मोबाइल बघत असतो आणि अर्धी नस गेलेली असते. मेलेला धागा परत येत नाही. मोतीबिंदू काढता येतो, भिंग बसवता येतं. काचबिंदूनं गेलेली नजर देणारं ऑपरेशन जगात कुठेही नाही.

(दाब २१च्या आत असूनही काचबिंदू होतो आणि २४ असूनही काहींना काही होत नाही, हे खरं आहे. पण तो वाद इथे नको. औषधानं आपण फक्त दाबच हलवू शकतो, आणि तो उतरवला की नस वाचण्याची शक्यता वाढते, हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. एक मिलिमीटरनं उतरला तरी धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो.)

आता तुमच्या शेल्फकडे येऊ. काचबिंदूच्या खणातल्या बाटल्यांचे दोनच प्रकार समजा : काही नळ बारीक करतात, काही निचरा वाढवतात.

नळ बारीक करणाऱ्यांत सगळ्यात जुना आणि स्वस्त टिमोलॉल. अमेरिकेत १९७८ साली त्याला परवानगी मिळाली आणि आजही तो तालुक्या-तालुक्यांत चालतो. तो बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे तुम्ही ब्लड प्रेशरसाठी आणि हृदयासाठी ज्या गोळ्या देता त्यांचाच भाऊबंद. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहतो, असा लोकांचा समज असतो. राहत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या छिद्रातून तो नाकात उतरतो, तिथल्या ओल्या अस्तरातून थेट रक्तात जातो. गोळी आधी यकृतातून जाते, हा जात नाही. त्यामुळे दम्याच्या माणसाला टिमोलॉलच्या थेंबानं रात्री धाप लागू शकते, आणि ज्याची नाडी आधीच मंद आहे त्याला चक्कर येऊन तो पडू शकतो. माझ्या एका पेशंटला, सत्तरीच्या दमेकरी आजोबांना, मी मुद्दाम दुसरं औषध लिहिलं होतं. दुकानात ते नव्हतं. 'हेही प्रेशरचंच आहे, आणि स्वस्त पडेल' असं म्हणून त्यांना टिमोलॉल मिळालं. चार रात्री आजोबा खाटेवर बसून काढत होते आणि घरचे पंपाचं औषध वाढवत होते. डोळ्याचा थेंब आणि छातीचा दम यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

यावर एक साधा उपाय आहे आणि तो तुम्ही काउंटरवर दहा सेकंदांत सांगू शकता. थेंब टाकला की डोळा हलकाच मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात टिकतं आणि नाकात उतरत नाही. शिवाय थेंब एकच. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या खाचेत त्यातलं थोडंच मावतं. दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि बाटली पंधरा दिवसांत संपते. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. टिमोलॉल दिवसातून एकदाच लिहिलं असेल तर सकाळी घालायला सांगा. रात्री नळ आपणहूनच बारीक असतो, त्यामुळे तेव्हा त्याला फारसं कामच उरत नाही.

दुसरी नळवाली म्हणजे असेटाझोलामाइडची गोळी. हिची गोष्ट मला फार आवडते. ती मुळात लघवी वाढवणारी गोळी. १९५४ साली सेंट लुइसचे डॉ. बर्नार्ड बेकर यांनी दाखवलं की ती डोळ्यातलं पाणी बनण्याचं काम कमी करते, कारण मूत्रपिंडातलं जे एन्झाइम ती अडवते तेच सिलिअरी बॉडीतही असतं. आजही कुणी ६० दाब घेऊन दारात आला की आमचा हात आधी याच गोळीकडे जातो. पण तिच्यानं हातापायांना मुंग्या येतात. बऱ्याच जणांना येतात. सोडा किंवा कोल्ड्रिंक कडवट, धातूसारखं लागतं. पेशंट तुमच्याकडे येऊन म्हणतो, मुंग्या येताहेत, आणि तुम्ही बी-ट्वेल्व्हचा कोर्स देता. त्यानं अपाय नाही, पण पैसे वाया. मुंग्या म्हणजे गोळी पोटात जाते आहे याचा पुरावा, एवढं सांगितलं तरी पुरे. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना : किडनीचा आजार, मुतखडा, सल्फाची ऍलर्जी, आणि आठवडेच्या आठवडे गोळी चालू असताना पोटॅशियम उतरणं. म्हणून ही गोळी 'मागच्या वेळची चिठ्ठी आहे' म्हणून देत राहण्याची नव्हे. हिच्याच घराण्यातले डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड हे ड्रॉप्स १९९०च्या दशकात आले, त्यांनी हा त्रास पुष्कळ कमी केला.

काचबिंदूच्याच ब्रिमोनिडिन या ड्रॉपबद्दल एकच वाक्य, पण ते अधोरेखित करा : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे औषध कधीच नाही, कारण त्यानं बाळ गुंगीत जातं आणि श्वास मंदावतो. आजीची बाटली नातवाच्या हाती लागणार नाही अशी ठेवायला सांगा.

निचरा वाढवणाऱ्यांत सगळ्यात जुनं पिलोकार्पिन. ब्राझीलच्या एका झुडपाच्या पानातून निघालेलं हे औषध १८७०च्या दशकापासून वापरात आहे. ते स्नायू आखडून जाळी ताणून उघडतं. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, लुडविग लाकर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं फायसोस्टिग्मिन नावाचं औषध काचबिंदूसाठी वापरलं, आणि ते त्याला स्वतःच्याही कामी आलं, कारण काचबिंदू त्यालाही होता. आज पिलोकार्पिन क्वचित लागतं. त्याची जागा लॅटानोप्रोस्ट आणि त्याच्या भावंडांनी घेतली. अमेरिकेत १९९६ साली आलेलं हे औषध जाळीकडे फारसं न जाता ती मागची झिरपण्याची वाट मोकळी करतं. रात्री एक थेंब, बस. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, डोळे थोडे खोल जातात. पापण्या दाट करायच्या हौसेनं हे औषध मागणाऱ्या मुलीही आता दुकानात येतात म्हणे. त्यांना सांगा, हे दाबाचं औषध आहे, आणि पुढे कधी डोळे तपासायला गेलात तर डॉक्टरला सांगायला विसरू नका, नाहीतर मोजलेला दाब फसवा निघेल.

लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या न उघडलेल्या असताना फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. काही कंपन्यांची बाहेर टिकणारीही आहेत, खोक्यावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात दुकानाच्या आत ४० अंश असतं आणि लाइट सहा-सहा तास जाते. इन्सुलिनची काळजी तुम्ही घेता, कारण साखर वाढली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. काचबिंदूवाला भांडायला येत नाही. त्याला कळतच नाही की थेंबातलं औषध मेलेलं आहे. त्याची बाटली इन्सुलिनच्या शेजारी ठेवा, एवढंच मागणं आहे. उघडल्यावर मात्र ती घरी साध्या, सावलीच्या जागी महिना-सव्वा महिना चांगली राहते, हेही सांगा. नाहीतर ज्यांच्याकडे फ्रीज नाही ते औषधच बंद करतात.

इथवर औषधं दाब उतरवणारी होती. आता जे दाब चढवतं त्याच्याकडे येते. हे पत्र मुळात त्यासाठीच आहे.

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट. ही नावं तुम्ही रोज वाचता. अँटिबायोटिक ड्रॉपच्या नावाला मागे 'डी', 'डीएक्स', 'डीएफ' असं काही लागलं की त्यात बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणीतरी असतं. हे घातलं की लाल डोळा दोन दिवसांत पांढराशुभ्र होतो, खाज थांबते, गिऱ्हाईक खूश. म्हणूनच तो मागून नेला जातो. आणि आत काय होतं? स्टिरॉइड त्या जाळीवर बसतं. जाळीच्या पेशी आखडतात, त्यांच्यामध्ये चिकट प्रथिनांचा थर साचत जातो, आणि कचरा गिळून जाळी साफ ठेवायचं पेशींचं काम मंदावतं. नळ तितकाच चालू, निचरा मात्र बंद होत चाललेला. दाब एका रात्रीत चढत नाही. मोठ्या माणसाला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, लहान मुलांना त्याहून लवकर. हळूहळू चढतो म्हणून दुखत नाही, डोळा लाल होत नाही. उलट अगदी छान दिसतो.

सगळ्यांना असं होतं का? नाही, आणि घोळ तिथेच आहे. १९६०च्या दशकात आर्मली या नेत्रतज्ज्ञांनी आणि वर ज्यांचं नाव आलं त्याच बेकर यांनी निरोगी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टिरॉइडचे ड्रॉप्स घालून दाब मोजले. साधारण दोन तृतीयांश लोकांना विशेष काही झालं नाही. एक तृतीयांश लोकांचा दाब मध्यम चढला. आणि शंभरातल्या चार ते सहा जणांचा १५ मिलिमीटरहून जास्त उसळला. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात तर बहुतेकांचा चढतो. कोण कुठल्या गटातला, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुम्ही शंभर बाटल्या विकल्या आणि नव्वद जणांनी येऊन 'बरं वाटलं' म्हटलं, तर तुमचा अनुभव खोटा नाही. उरलेले तुमच्याकडे परत येत नाहीत. ते काही वर्षांनी माझ्याकडे येतात.

एका मुलाचं सांगते. असे पेशंट दर उन्हाळ्यानंतर येतात, त्यातलाच हा एक. बारा वर्षांचा. दर फाल्गुन-चैत्रात डोळे खाजायचे, चोळून चोळून तांबडे व्हायचे, सकाळी तारेसारखी चिकट घाण निघायची. ही उन्हाळी ऍलर्जी आमच्या कोरड्या, धुळीच्या भागात पुष्कळ मुलांना होते, मुलींपेक्षा मुलांना जास्त. वडिलांनी पहिल्या वर्षी कुठल्याशा डॉक्टरला दाखवलं होतं. त्यांनी लिहिलेल्या ड्रॉपच्या खोक्याची वरची पट्टी कापून वडिलांनी पाकिटात, आधार कार्डाच्या मागे जपून ठेवली होती. ती दाखवली की दुकानात तोच ड्रॉप मिळायचा. तिसरीपासून सातवीपर्यंत. गावच्या दुकानात, बाजाराच्या दिवशी तालुक्याला, एकदा आजोळी. मुलाला माझ्याकडे आणलं ते शाळेतल्या खेळाच्या सरांनी सांगितलं म्हणून : कबड्डीत बाजूनं येणारा गडी याला दिसतच नाही. उजव्या डोळ्याचा दाब ४४, डाव्याचा ३८. नस तपासली तर तिच्या तोंडावरची मधली खोलगट वाटी जवळजवळ कडेपर्यंत पोखरलेली. वडिलांनी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली, घडीवर घडी पडून मऊ झालेली, आणि विचारलं, 'पण मॅडम, या औषधानं तर त्याला गुण यायचा ना?'

यायचाच. ही ऍलर्जी वयात आल्यावर बहुतेकांची आपोआप सुटते. त्या मुलाचीही सुटेल. काचबिंदू मात्र त्याच्यासोबत म्हातारपणापर्यंत राहणार आहे. स्टिरॉइड बंद केलं की बऱ्याच जणांचा दाब काही आठवड्यांत खाली येतो. पण वर्षानुवर्षं घातलेलं असेल तर जाळी कायमची बिघडते, आणि नसेचं जे गेलं ते गेलंच. त्याचं ऑपरेशन करावं लागलं. त्या पट्टीवर ज्यांनी बाटल्या दिल्या त्यांपैकी कुणालाही मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकलं, इतकंच. पण त्यांपैकी एकानं जरी 'डॉक्टरची नवीन चिठ्ठी आणा' म्हटलं असतं, तर तो मुलगा चौथीतच माझ्यासमोर आला असता.

२०२३च्या जुलै-ऑगस्टमधली डोळ्यांची साथ आठवते ना? आळंदीकडून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर डोळे आले. ती साथ विषाणूची होती. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही आणि बहुतेकांना स्टिरॉइडची गरजही नव्हती. आठवडा-दहा दिवसांत डोळे आपापले बरे होतात. त्या दिवसांत किती 'डी'वाल्या बाटल्या काउंटरवरून गेल्या, हे तुमच्या बिलबुकात आहे. त्यातल्या कित्येक अजून घराघरांतल्या फळीवर उघड्या पडल्या आहेत आणि कुणाच्या डोळ्यात कचरा गेला की निघतात. त्यातून हंगाम ऊसतोडीचा असला तर धोका दुप्पट. उसाचं पात लागून कॉर्नियाला जखम होते, तिच्यात बुरशी बसते, आणि त्यावर स्टिरॉइड पडलं की बुरशीला रान मोकळं. दाब चढण्याआधीच डोळा जातो.

दोन गोष्टी उलट बाजूनंही सांगते, नाहीतर हे पत्र वाचून भलतंच व्हायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्टिरॉइडचे ड्रॉप्स चार-सहा आठवडे, कमी करत करत, घालावेच लागतात. डोळ्याच्या आतल्या सुजेला तर त्यांच्यावाचून पर्याय नाही. चिठ्ठी असेल तर बिनधास्त द्या, आणि 'स्टिरॉइड आहे, जपून' असं म्हणून पेशंटला घाबरवू नका. घाबरून मध्येच बंद केलं तरी डोळा बिघडतो. तसंच दम्याचा स्टिरॉइडचा पंप कुणी डोळ्याच्या भीतीनं बंद करू नये. दाब तपासत राहावं, एवढंच. तोंडावर लावायच्या गोरेपणाच्या क्रीमचं मात्र वेगळं. पापणीला, डोळ्याभोवती महिनोन्महिने लावलेलं स्टिरॉइडचं मलमही आत उतरतं आणि दाब चढवतं. २०१८ साली केंद्रानं अशा मलमांना चिठ्ठीची सक्ती केली, तरी ती क्रीमं अजून पानपट्टीच्या शेजारी मिळतात.

आणखी एक प्रकार आहे. काही लोकांच्या डोळ्यातला तो कोपरा जन्मतःच अरुंद असतो, उतारवयातल्या बायकांमध्ये जास्त. अशा माणसाला बाहुली मोठी करणारं औषध मिळालं की आयरिस पुढे सरकून जाळीचं तोंडच बंद करते, आणि दाब काही तासांत ५०-६० वर जातो. सर्दीच्या गोळीतलं फेनिलएफ्रिन, पोटदुखीच्या गोळीतलं डायसायक्लोमिन, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, ही सगळी त्यात येतात. हा दाब मात्र दुखतो. डोकं ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा लाल होतो. रात्री नऊ वाजता असं कुणी दुकानात आलं की घरचे सांगतात, 'पित्त झालंय.' त्यांच्या डोळ्याकडे बघा. एक डोळा लाल, बाहुली मोठी आणि नजर धूसर असेल तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नका, त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवा. अर्धशिशीसाठी किंवा फिटसाठी नुकतीच टोपिरामेटची गोळी सुरू झाली आहे आणि दोन्ही डोळ्यांना अचानक धूसर दिसू लागलं, असं कुणी म्हणालं तरी तेच. पण याचा अर्थ काचबिंदूच्या प्रत्येक पेशंटला सर्दीची गोळी नाकारायची असा नाही. ज्यांचा कोपरा मोकळा आहे किंवा ज्यांचं लेझर झालेलं आहे, त्यांना सहसा अडचण येत नाही. शंका असेल तर आम्हाला फोन करा.

आता कायद्याचं. स्टिरॉइड शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहे, हे तुम्हाला सांगायला नको. १९४५च्या औषध नियमांतलं ६५ वं कलम असं सांगतं की चिठ्ठीवर 'पुन्हा द्या' असं डॉक्टरनं लिहिलेलं नसेल तर ती एकदाच वापरायची, आणि शेड्यूल एचचं औषध दुसऱ्या तयारीनं बदलायचं नाही, आतला घटक तोच असला तरी. या कलमाप्रमाणे खोक्याची कापलेली पट्टी ही चिठ्ठी नाही. मोबाइलमधला तिचा फोटोही नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, आणि तुमचं उत्तरही मला पाठ आहे : 'मी नाही दिलं तर समोरचा देईल, आणि उद्या तेच गिऱ्हाईक बीपीच्या गोळ्याही तिकडूनच नेईल.' हे खरं आहे. एकट्या दुकानदारानं तत्त्व पाळून धंदा घालवावा, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता संघटनेला लिहिलं आहे. तालुक्यातल्या सगळ्यांनी एका तारखेपासून ठरवलं तर समोरचाही देणार नाही. संपासाठी एका दिवशी सगळी शटरं खाली येतात, ती काही आपोआप येत नाहीत.

अन्न व औषध प्रशासनाला दोन विनंत्या. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या जास्त कडक यादीतल्या औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते : डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. डोळ्यांच्या स्टिरॉइड ड्रॉप्सनाही तशीच वही लागू व्हावी. आणि खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ असावी : 'डॉक्टरनं सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नजर कायमची जाऊ शकते.' नियम आणि लेबल केंद्राच्या हातात आहेत, ठाऊक आहे. शिफारस करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. तोवर दुकानांची तपासणी होते तेव्हा फक्त झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं मोजू नका, हा खणही उघडून बघा.

आमच्या बाजूनंही काही देणं आहे. मी आमच्या भागातल्या डॉक्टरांना, म्हणजे डोळ्यांचे नसलेल्या डॉक्टरांनाही, सांगते आहे की लाल डोळा दिसला की 'डी'वाला ड्रॉप लिहू नका. लिहिलाच तर चिठ्ठीवर किती दिवस आणि 'पुन्हा देऊ नये' हे स्पष्ट, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. आणि काचबिंदूच्या ड्रॉपपुढे 'कायम चालू, दर महिन्याला द्यावे' असं लिहा, म्हणजे तुम्हाला तो देताना अडचण नको. देशात चाळिशीच्या पुढच्या एक कोटीहून जास्त लोकांना काचबिंदू आहे असा अंदाज आहे, आणि घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. ज्या एकाला माहीत आहे तो दर महिन्याला तुमच्या काउंटरवर उभा राहतो. बाटली संपत आली की त्याला फोन करणारे दोन-तीन दुकानदार मला माहीत आहेत. त्यांच्या पेशंटांचे दाब मी मोजते तेव्हा फरक दिसतो.

तालुका संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. अर्धा तास द्या, मी येते, दाब मोजायचं यंत्र सोबत आणते. बैठकीला आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब तिथेच मोजून देईन, फी नाही. ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू आहे किंवा जे स्वतः डोळे खाजले की शेल्फवरची बाटली उघडतात, त्यांनी आधी नंबर लावावा.

आपली,
एक नेत्रतज्ज्ञ